दहापैकी चार

१० फेब्रुवारी

ग्रेसनने मला घेतलं! मी कामाला आहे त्या दातांच्या दवाखान्यात फोनवर बोललेलं डॉक्टरांना चालत नाही, म्हणून काउंटर सोडून एक्स-रेच्या खोलीत जाऊन बोलले. 'बुरितोची दंगल' असं नाव ठेवलंय त्याने. आमच्या मिशन वस्तीतल्या सोळा ताकेरिया, म्हणजे बुरितो विकणारी मेक्सिकन दुकानं, दोन-दोनच्या जोड्या. जिंकेल ती पुढे, हरेल ती घरी. खायचं, मार्क द्यायचे आणि त्याच्या खाण्यापिण्याच्या वेबसाइटवर लिहायचं. परीक्षक चौघं: ग्रेसन, त्याचा एक दाढीवाला मित्र, टॅमी नावाची एक मवाळ मुलगी आणि मी. मिशनमध्ये जन्मलेली मी एकटीच. ग्रेसन म्हणाला, "तू नसशील तर इथले लोक आम्हाला सोलून काढतील." केवढी जबाबदारी!

संध्याकाळी दुकानात सांगायला गेले. पप्पा गल्ल्याशेजारच्या स्टुलावर बसले होते, बोटांना गरम फडकं गुंडाळून. सांधे धरल्यापासून तव्यावर चेमा असतो. माझा हा धाकटा भाऊ एक बुरितो गुंडाळेपर्यंत तीनदा फोन बघतो.

"मार्क देणार? कोण, तू?" गल्ल्यावरून लिचा आत्या खिदळली. "लहानपणी भातातले वाटाणे निवडून टेबलाखाली टाकायचीस."

"देऊ दे की," पप्पा म्हणाले. "खायचंच आहे. करायचं थोडंच आहे!"

रांगेतले लोकसुद्धा हसले. मीही हसले.

एकोणीस वर्षांची असताना मी पप्पांकडे तवा मागितला होता. "तवा बायकांचा नाही," म्हणाले, आणि मिसरूड न फुटलेल्या चेमाच्या हातात उलथणं दिलं. जुनी गोष्ट. मी ती कधीच मनात धरली नाही. मुद्दाम लिहून ठेवते.

२३ फेब्रुवारी

पहिली फेरी. दोन्या ओब्दुलियाचं दुकान (वयाने मोठ्या बाईला आम्ही 'दोन्या' म्हणतो) आणि बसडेपोजवळचं नवं दुकान. आम्हाला बघून ओब्दुलियाने ॲप्रन बदलला, टेबल दोनदा पुसलं, आणि आम्ही खाईपर्यंत हात पोटाशी धरून तिथेच उभी राहिली. असं उभं राहिलं की मला खाता येत नाही.

तीन मार्क दिले. लिहिलं ते असं: "हा भात दवाखान्यात शेवटच्या घटका मोजणाऱ्या माणसासाठी शिजवलाय. घेवडा त्याच्या उशाशी बसून रडतोय."

ग्रेसन वाचून खुर्चीतून पडायचाच बाकी होता. टॅमी म्हणाली, "आरासेली, तिचा नवरा गेल्या नोव्हेंबरात वारला ना? दवाखान्यातच?"

मला माहीत होतं. मी त्याच्या प्रार्थनेलाही गेले होते. पण त्याचा भाताशी काय संबंध?

६ मार्च

ओब्दुलिया दाढ दाखवायला आली. गाल सुजलेला. माझ्या काउंटरवर वाकून हळूच म्हणाली, "चेली, बाळा, भातात काय कमी होतं गं? सांग, मी सुधारते."

"दोन्या, आता पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षीही आहे का हे?"

ते मलाही माहीत नव्हतं. "बसा, डॉक्टर बोलावतील," म्हटलं.

ती जिथे बसली तिथे शेजारच्या बाईने फोनवर नेमकं माझंच लिखाण उघडलं होतं. बाई हसत होती, मैत्रिणीला वाचून दाखवत होती. ओब्दुलिया दाढ न दाखवताच उठून गेली. लोक वाचताहेत. रस्त्यात दोन मुलींनी मला ओळखलं. एकीने तर माझ्याबरोबर फोटो काढला.

२९ मार्च

चार दुकानं उरली. त्यात आमचं आहे. घरचं म्हणून त्याच्या फेऱ्यांना मी गेले नव्हते; बाकी तिघांनी भरभरून मार्क दिले. चेमाच्या हाताला! दाढीवाल्याने तर 'निसर्गदत्त हात' असं लिहिलं. दवाखान्यात जेवताना आठवलं आणि डबा तसाच ठेवून दिला.

५ एप्रिल

ग्रेसनने कॉफीला बोलावलं. "या वेळी उर्बिएतांकडे तू ये."

"पप्पांच्या दुकानाला मी मार्क देणं बरोबर दिसेल का?"

"तेच तर! मुलगी बापाला मार्क देतेय. अगं, या दंगलीत यापेक्षा मोठी कुस्ती नाही. सगळं मिशन वाचेल."

"आणि जास्त दिले तर लोक म्हणतील, घरचं म्हणून दिले."

तो खांदे उडवून म्हणाला, "तुझी जीभ, तुझा न्याय." मग हसला. "पण भित्री वाटत नाहीस तू मला."

टॅमी बाहेर रस्त्यावर मला म्हणाली, "नाही जायचं तर नको जाऊस. मी सांगते त्याला." टॅमीसारखी माणसं कुठल्याच गोष्टीत पहिली येत नाहीत.

१२ एप्रिल

आज जाऊन आलो. सगळं लिहून ठेवायलाच हवं.

दुकानाबाहेर खडूने पाटी लिहिलेली: 'आज आमची मुलगी परीक्षक'. आत रोजचीच माणसं, पण सगळी जरा बरे कपडे घालून. लिचा आत्याने ओठ रंगवलेले. चेमा गल्ल्याजवळ फोन न बघता उभा. आणि तव्यावर पप्पा! पांढरा शर्ट, बाह्या दुमडलेल्या, केस पाण्याने चापून बसवलेले. आईच्या अंत्यविधीनंतर मी त्यांना इतकं नीटनेटकं पाहिलं नव्हतं.

"पप्पा, तुमची बोटं..." मी म्हटलं.

"बोटांचं तू नको बघूस. तोंडाचं बघ," असं म्हणून त्यांनी ग्रेसनला डोळा मारला. "ही माझी मुलगी. हिला फसवता येत नाही. पाच वर्षांची असताना बुरितोतली गाईची जीभ शिळी आहे म्हणून रडली होती. आणि होती शिळी!"

जिभेचा बुरितो केला. आत्या म्हणाली की पप्पा पहाटेपासून पातेल्यापाशी होते. कांदा, लसूण, तमालपत्र घालून जीभ मंद आचेवर ठेवली, मग स्वतः सोलली, स्वतः चिरली. सुरी बोटांत राहीना म्हणून चेमाने मनगटाला फडक्याने बांधून दिली. तव्यावर मांस पसरल्यावर जो आवाज आला, त्याने रांगेतलं बोलणं थांबलं. तोर्तियाच्या पोळीला वाफ दिली, भात, घेवडा, मांस, कोथिंबीर, वर हिरवा साल्सा. गुंडाळायला त्यांना वेळ लागला. बोटं मिटत नव्हती, तळव्यांनीच दाबून दाबून गुंडाळलं. कुणी घाई केली नाही.

मी खाल्लं. सगळं खाल्लं. फॉइलच्या घडीत साल्सा साचला होता, तो बोटाने पुसून घेतला. टॅमी माझ्याकडे बघून हसत होती. का, ते कळलं नाही.

पप्पांनी विचारलं, "काय गं चेली?"

"परीक्षक दुकानात बोलत नाहीत," मी म्हटलं.

सगळे टाळ्या वाजवून हसले. पप्पा सर्वांत मोठ्याने. "बघा! बापालाही सोडत नाही!" निघताना त्यांनी माझा गाल हाताच्या मागच्या बाजूने थोपटला, कारण तळवा तेलकट होता.

दाढीवाल्याने बाहेर आल्यावर विचारलं, "हे शिकलीस का नाहीस तू त्यांच्याकडून?"

१३ एप्रिल

रात्री झोप आली नाही, कारण पोट जड होतं. सकाळी मार्क पाठवून दिले. चार.

विचार करून दिले. नऊ दिले असते तर माझ्या आधीच्या प्रत्येक शब्दावर लोक थुंकले असते. सात दिले असते तर म्हणाले असते, मधली वाट काढली. न्यायाधीशाला घर नसतं. लिहिलं ते असं:

"हिलारिओ उर्बिएतांचे हात थकले आहेत, आणि तो थकवा त्यांनी मांसातही चिरून घातला आहे. बुरितो थापटून थापटून गुंडाळतात, पण चव थापटून येत नसते. एके काळी हे दुकान चांगलं होतं, असं म्हणतात."

शेवटचं वाक्य ग्रेसनला फार आवडलं.

१६ एप्रिल

बाकीच्यांचे नऊ, नऊ आणि आठ. माझ्या चारांमुळे दुकान थोडक्यात हरलं. दवाखान्यात दिवसभर लोक फोन करत होते, दातासाठी नव्हे. कुणी 'वाघीण' म्हणालं. कुणी 'घरभेदी' म्हणालं. दोन्हीकडून बोललं की समजायचं, न्याय झाला.

आत्याचा फोन. "तुझ्या जिभेला हाड आहे का गं? पाठीवर मारायचं होतंस, पोटावर का मारलंस?"

"आत्या, मी खोटं लिहू का?"

"खरं लिहिलंस? माझ्या डोळ्यांदेखत फॉइल चाटत होतीस!"

फोन ठेवून दिला. या लोकांशी खाण्याबद्दल बोलण्यात अर्थ नाही.

२१ एप्रिल

दुकानात गेले. मनात कुणाबद्दल काही नाही हे दिसायला हवं, म्हणून मुद्दाम जेवायच्या वेळेला गेले. माझं लिखाण मोठ्या अक्षरांत छापून खाद्यपदार्थांच्या पाटीवर चिकटवलेलं. खाली लाल आकडा: ४. तव्यावर पप्पा. चेमाला भांडी घासायला बसवलेलं.

माझी पाळी आली. पप्पांनी वर पाहिलं आणि म्हणाले, "बोला मॅडम. काय देऊ आपल्याला?"

मला वाटलं थट्टा आहे. मी म्हटलं, "पप्पा, पुरे."

"तुम्ही सांगाल ते करू. घेवडा कुठला घालू? तुम्हाला काळा आवडतो की साधा?"

सदतीस वर्षांत त्यांनी मला एकदाही 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. शिव्या दिल्या, एकदा चपलेने मारलं, पण 'तू'च होते. मागचा माणूस फिस्सकन हसला. मी जिभेचा बुरितो मागितला. त्यांनी केला, दिला, आणि खाईपर्यंत समोर उभे राहिले.

"किती?" त्यांनी विचारलं.

"पप्पा, इथे नको."

"तुमच्याच कामाचं विचारतोय, मॅडम. किती?"

अर्धा टाकून निघून आले. म्हाताऱ्या माणसांना टीका सहन होत नाही.

१० मे

दंगल संपली. बसडेपोजवळचं नवं दुकान जिंकलं. सोहळ्याला मला शेवटच्या रांगेत बसवलं होतं. गर्दी असेल म्हणून.

ओब्दुलियाच्या दुकानाला कुलूप आहे. कुणी म्हणतं मुलाकडे फ्रेस्नोला गेली. तिचं वय झालंच होतं.

२४ मे

आत्या दवाखान्यात आली. पाच मिनिटं दे म्हणाली, पण जिन्यात उभं राहून अर्धा तास बोलली. पप्पा सकाळपासून दुकान बंद होईपर्यंत तव्यावरच असतात. गोळ्या घेत नाहीत, गोळ्यांनी झोप येते म्हणून. प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारतात, "किती?" लोक दहा म्हणतात. मग ते भिंतीकडे बोट करतात, "मग ही बाई खोटं बोलते का?" सुरुवातीला लोक हसायचे. आता यायचं टाळतात.

"तू ये," आत्या म्हणाली. "सगळ्यांसमोर म्हण, पप्पा, माझं चुकलं. एवढंच. तो लगेच स्टुलावर जाऊन बसेल. चेली, त्याची बोटं बघवत नाहीत गं."

"म्हणजे त्यांच्या हट्टासाठी मी माझा शब्द मागे घेऊ?"

"तुझा शब्द?" आत्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी काउंटरवर थुंकले होते. "तू खाल्लंस तेव्हा मी तिथेच होते. तुझे डोळे मिटले होते. तुझ्या आईच्या हातचं खाताना मिटायचे तसे."

मी म्हटलं, "पेशंट थांबलेत."

परीक्षकाने एकदा मार्क बदलले की तो परीक्षक राहत नाही. आणि कुणी मला तवा नाकारला तेव्हा मी कुणाच्या बहिणीला जिन्यात रडायला पाठवलं नव्हतं.

४ जून

ग्रेसनला फोन केला. आता पुढची दंगल जपानी नूडल्सच्या सूपची आहे म्हणाला. मी म्हटलं, सूप मला येतं. तो म्हणाला, "तू मस्तच आहेस, पण सूपला तिकडचं कुणीतरी हवं ना. नाहीतर ते लोक आम्हाला सोलून काढतील." वेबसाइटवर परीक्षकांच्या फोटोंत मी आता नाही. नजरचुकीने राहून गेलं असेल. उद्या पुन्हा फोन करीन.

११ जून

दवाखान्यात चेमाचा फोन आला. त्याने मला फोन करून किती वर्षं झाली असतील! पप्पांची बोटं उलथण्यावर आखडली, सुटेनात. तोल गेला आणि हात तव्यावर टेकला. बोटं उघडत नव्हती म्हणून लवकर उचलताच आला नाही. चेमा धावला, पण तो मागे भांड्यांपाशी होता.

दोन पेशंट बाकी होते. ते आटपून गेले.

इस्पितळात पप्पा झोपवलेले. उजवा हात कोपरापर्यंत बांधलेला. चेमा खाली मान घालून म्हणाला, "मी तव्यावर असतो तर हे झालं नसतं."

मी म्हटलं, "तव्यावर तू नव्हतास तो काही माझा निर्णय नव्हता."

तो उठून पलंगाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसला.

३ जुलै

पप्पा घरी आले. उजवा हात आता कामाचा राहणार नाही असं डॉक्टर म्हणतात. डाव्याची बोटं तशीही मिटत नाहीत. आत्या भरवते. दुकान बंद आहे. चेमा म्हणतो उघडीन, पण उघडत नाही.

मी दोनदा जाऊन आले. दोन्ही वेळा पप्पा म्हणाले, "या. बसा." आणि टीव्हीकडे तोंड केलं. आत्या स्वयंपाकघरात भांडी आपटत होती.

१२ जुलै

काल ठरवलं की बस्स. आपणच करून न्यायचं. आयुष्यात पहिल्यांदा मी जिभेचा बुरितो केला. कसायाकडून जीभ आणली. पातेलं दिवसभर चढवलेलं. सोलताना साल निघेना, दोन नखं तुटली. टोमॅटोचा भात केला. बापासाठी सुट्टी घेऊन, घामाघूम होऊन. हे कुणी लिहिणार नाही, म्हणून मीच लिहिते. गुंडाळलेला बुरितो डब्यात घालून, टॉवेलमध्ये लपेटून बसमधून मांडीवर नेला. गरम राहावा म्हणून. आणि खरं सांगायचं तर वाटत होतं, आता ते खातील, गप्प होतील, आणि मग त्यांना कळेल की एवढी वर्षं तवा कुणाच्या हातात असायला हवा होता.

पप्पा खिडकीशी खुर्चीत होते. वाळले आहेत. आत्याने माझ्या हातातला डबा बघितला आणि पहिल्यांदाच आवाज न करता बाजूला झाली.

मी समोर स्टूल ओढून बसले. फॉइल सोलली. "पप्पा, जीभ आणलीय," म्हटलं. त्यांनी बुरितोकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे, तुटलेल्या नखांकडे. बराच वेळ पाहत होते. मग तोंड उघडलं. मी पहिला घास दिला.

ते चावत राहिले. डोळे बारीक करून, एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने. 

"अगं गाढवे," ते म्हणाले, "भात कच्चा ठेवलास की! आणि मांस असं कुणी चिरतं का? मुलीच्या जातीला एवढंही कळू नये? उद्या ये सकाळी, दाखवतो. सुरी मला धरता येणार नाही, तू धर. मी सांगतो." आणि पुन्हा तोंड उघडलं.

माझ्या कानशिलांत रक्त चढलं. गाढवे! मी एवढा दिवस घालवला, बसमधून मांडीवर आणला, आणि पहिल्याच घासाला भात कच्चा! आत्या दारात उभी राहून ॲप्रनच्या टोकाने तोंड दाबून होती, बहुधा हसत असावी. तिचे डोळेसुद्धा ओले झाले होते हसून.

मी फॉइल पुन्हा गुंडाळली. पप्पांचं तोंड उघडंच होतं. डब्याचं झाकण लागल्याचा आवाज झाला तेव्हा त्यांनी ते मिटलं.

"चेली?" ते म्हणाले. "अगं, कुठे निघालीस? चेली!"

मी जिना उतरले. आत्या वरून ओरडत होती, "अगं परत ये, तो हाक मारतोय तुला! ऐकलंस का, तो काय म्हणाला ते ऐकलंस का तू?" ऐकलं होतं मी. शब्द न् शब्द ऐकला होता.

बुरितो बसस्टॉपवर बसून मीच खाल्ला. भात थोडा कच्चा होता, पण थोडाच. एका घासात माणसाची लायकी ठरवायची ही त्यांची जुनी सवय. मी निदान पूर्ण खाऊन मग मार्क देते.